सगळ्या ग्रहांना एकच गाडी का चालत नाही?

दुर्बीणवाला
गेल्या शनिवारी गच्चीवर दुर्बीण लावली होती, शनी दाखवायला. सोसायटीतली आठ-दहा पोरं आणि माझी भाची. कडी दिसली की पोरं "आईशप्पथ" म्हणतात आणि जिन्याकडे पळतात, पण ही तिथंच थांबली. मी शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाची गोष्ट सांगत होतो तर विचारते, मामा, शनीला एक यान, मंगळाला वेगळं, शुक्राला वेगळं, दर वेळी नवीन कशाला बनवतात? एकच बनवायचं आणि सगळीकडे तेच पाठवायचं ना. म्हटलं उद्या सांगतो. याला चार दिवस झाले.

शोधलं तर कळलं की हा प्रश्न नासालाही पडला होता. ८० च्या दशकात जेपीएलने, म्हणजे ग्रहांची यानं बनवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेने, 'मरिनर मार्क टू' नावाचा प्लॅन केला. एकच सांगाडा, तोच कॉम्प्युटर, तीच डिश, तीच इंधनाची व्यवस्था, वरची उपकरणं फक्त मोहिमेप्रमाणे बदलायची. पहिली दोन यानं ठरली. एक क्राफ, म्हणजे कॉफ धूमकेतूच्या सोबत राहणारं आणि जाताजाता हँबुर्गा हा लघुग्रह बघणारं, आणि दुसरं कॅसिनी. पुढे प्लूटोपर्यंत यादी होती. पण १९९२ मध्ये पैशाची ओढाताण झाली, क्राफ रद्द, आणि कॅसिनी एकटंच गेलं. म्हणजे सगळ्यांसाठी म्हणून काढलेल्या साच्यातून यान निघालं एकच.

तर कल्पनाच चुकीची होती की नशीब खोटं? जाणकारांनी इस्कटून सांगा, पुढचा प्रश्न यायच्या आत मला उत्तर द्यायचंय.

गण्या_सातारकर
या सांगाड्याला त्यांच्या भाषेत 'बस' म्हणतात ना? मग आपल्या एसटीला विचारा की राव. चॅसिस आणायची, दापोडीला बॉडी चढवायची, लाल रंग मारायचा की झाली लालपरी. गडचिरोलीला तीच आणि गगनबावड्यालाही तीच.

तिखट_शेव
आणि शनीच्या थांब्यावर "हात दाखवा गाडी थांबवा" :))

मृण्मयी_द
गण्या, हसले खरी पण उदाहरण पटलं नाही. गडचिरोली आणि गगनबावडा दोन्हीकडे हवा आहे, रस्ता आहे आणि डिझेल मिळतं. शुक्राजवळ ऊन पृथ्वीच्या दुप्पट, शनीजवळ शंभराव्या हिश्शाच्या आसपास. एकीकडे यान भाजतं तर दुसरीकडे सोलर पॅनेल लावूनही हाती काही लागत नाही, म्हणून कॅसिनीवर प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज करणारे तीन जनरेटर होते. आणि गंमत म्हणजे कॅसिनी शनीकडे जाताना आधी शुक्राला दोनदा वळसा घालून गेलं, वेग वाढवायला. तेव्हा त्याची ती ४ मीटरची डिश सूर्याकडे धरून ठेवली होती, छत्रीसारखी, बाकीचं यान तिच्या सावलीत. म्हणजे थंडीचे कपडे घातलेला माणूस वैशाखात विदर्भातून नेल्यासारखं.

आमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर थालीपीठाच्या भाजणीच्या चकल्या होत नाहीत. दोन्ही भाजणीच, पण चकली तेलात गेली की विरघळते.

चिंतोपंत
मृण्मयीताई, भाजणीचं सोडा, पण ऊन-थंडीचा मुद्दा तुम्ही म्हणता तेवढा पक्का नाही. युरोपच्या स्पेस एजन्सीने नेमकं तेच करून दाखवलंय जे तुम्ही होत नाही म्हणता. मार्स एक्सप्रेस २ जून २००३ ला गेलं, मंगळासाठी बनवलेलं. आणि त्याच्याच सांगाड्यावर व्हीनस एक्सप्रेस ९ नोव्हेंबर २००५ ला शुक्राकडे गेलं. उपकरणंसुद्धा बरीचशी मार्स एक्सप्रेस आणि रोझेटा या त्यांच्याच धूमकेतूवाल्या यानाची, तिथून उरलेली किंवा त्याच नमुन्याची.

बदल काय केले ते बघण्यासारखं आहे. सोलर पॅनेल लहान केले आणि गॅलियम आर्सेनाइडचे सेल घातले, कारण ऊन मुबलक, अडचण होती ती तापण्याची. मार्स एक्सप्रेसचं वरचं आवरण काळं होतं, ऊब धरून ठेवायला, शुक्रासाठी ते सोनेरी केलं, ऊन परतवायला. आणि अजून एक, जे मला फार आवडलं. मंगळ आपल्या बाहेरच्या कक्षेत, त्यामुळे तिथून पृथ्वी आणि सूर्य साधारण एकाच बाजूला दिसतात, डिश पृथ्वीकडे केली की यानाची थंड बाजू सूर्यापासून आपोआप लांब राहते. शुक्र आतल्या कक्षेत, तिथून पृथ्वी कधी सूर्याच्या बाजूला, कधी बरोब्बर उलट्या बाजूला. एकाच डिशने बोलायचं तर कधीतरी थंड बाजू उन्हात जाणारच. म्हणून दुसरी छोटी डिश बसवली आणि आलटून पालटून वापरली. आठ वर्षांवर चाललं ते यान तिथे, २०१४ च्या शेवटी इंधन संपेपर्यंत.

तेव्हा चकली होते. तांदूळ वाढवावा लागतो इतकंच.

मृण्मयी_द
पंत, तांदूळ वाढवला की ती चकलीचीच भाजणी झाली, थालीपीठाची उरली कुठे :) पण दोन डिशचं माहीत नव्हतं. मस्त.

अटकमटक
+१. वाचतोय.

भोसरीकर
मला अंतराळातलं काय कळत नाही, माझं सीएनसीचं छोटं वर्कशॉप आहे. पण "तेच परत बनवा" या वाक्याने माझे जेवढे पैसे घालवलेत तेवढे कशानेच नाही, म्हणून लिहितो.

एका पार्टीचा जॉब होता, ॲल्युमिनियमची हाउसिंग. तीन वर्षांपूर्वी आम्हीच केलेला, ड्रॉइंग आमच्याकडे, फिक्श्चर (जॉब धरून ठेवणारा साचा) रॅकवर, प्रोग्राम पण होता. पार्टी म्हणाली तेच करा, फक्त एक भोक जास्त. मी पण रेट कमी लावला, म्हटलं सगळं तयारच आहे. पहिले चाळीस पीस रिजेक्ट. बोअर एका बाजूला तिरका. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी आमच्या जुन्या ऑपरेटरला फोन केला, तो तोवर गावी शेती बघायला गेलेला, तर तो म्हणतो अहो शेठ त्या डाव्या क्लॅम्पखाली दोन थाऊची शिम, पातळ पत्र्याची पट्टी, लागती की, फिक्श्चर पहिल्यापासून बसलेलं आहे तिथं. झालं! ही शिम ड्रॉइंगवर नाही, सेटिंग शीटवर नाही, फक्त त्याच्या शर्टाच्या खिशात होती, शब्दशः खिशात, घरी जाताना काढून न्यायचा.

तर माझं म्हणणं, यान बनवणाऱ्यांकडे पण अशा शिमा असणारच. दुसरं यान किती वर्षांनी बनतंय आणि कोण बनवतंय ते बघा आधी.

चिंतोपंत
भोसरीकर, दंडवत. आणि तुमची शिम युरोपवाल्यांना ठाऊक होती बरं का. त्यांनी मार्च २००१ मध्ये शास्त्रज्ञांकडून कल्पना मागवल्या, की मार्स एक्सप्रेसचा सांगाडा अजून कशाला वापरता येईल. त्यात अट अशी की उड्डाण २००५ मध्येच झालं पाहिजे आणि कामाला कारखान्यातल्या त्याच टीम. नुसतं ड्रॉइंग नाही. मार्स एक्सप्रेस तेव्हा अजून उडालंही नव्हतं, माणसं पांगायच्या आत पुढचं काम हातात दिलं.

दुर्बीणवाला
हे मला हवं होतं. मग मरिनर मार्क टूचं पण तेच झालं म्हणायचं का? दुसरं यानच उरलं नाही.

सॅनहोजेकर
थोडं वेगळं. तिथे हिशोबच असा मांडलेला होता की डिझाइनचा खर्च दोघांत वाटायचा. क्राफ गेल्यावर वाटेकरी गेला आणि अख्खं बिल कॅसिनीच्या नावावर आलं. दोघा भावांनी मिळून बंगल्याचं लोन काढावं आणि एकाने हात वर करावेत, तसं. मग दुसरा काय करतो, बाल्कनी रद्द, मॉड्युलर किचन रद्द. कॅसिनीवर कॅमेरे वगैरे एका फिरत्या प्लॅटफॉर्मवर बसणार होते, व्हॉयेजरसारखे, म्हणजे यान स्थिर, डिश पृथ्वीकडे आणि कॅमेऱ्याची मान इकडे तिकडे वळणार. ती मानच काढून टाकली. उपकरणं सरळ अंगाला बोल्ट केली. त्यामुळे शनीचा चंद्र टायटन, त्याचा फोटो काढायचा तर साडेपाच टनाचं अख्खं धूड टायटनकडे वळवायचं, तोवर पृथ्वीशी बोलणं बंद. फोटो रेकॉर्डरमध्ये साठवायचे आणि मग परत वळून डिश पृथ्वीकडे, नऊएक तास नुसती डेटा पाठवण्यात. प्रत्येक टीमचं भांडण, आज यानाची कुठली बाजू कुठे.

नशीब खोटं की कल्पना, या प्रश्नाला माझं उत्तर, कल्पनेचा फायदा दुसऱ्या यानापासून सुरू होतो पण खर्च पहिल्यापासून. आणि सरकारी बजेट दरवर्षी नव्याने मंजूर होतं.

तिखट_शेव
म्हणजे मान आखडलेल्या माणसासारखं, "ऐकू आलं, थांबा वळतो" :)) हहपुवा

वऱ्हाडी_ठेचा
अहो भाऊ पण वळूवळू तेरा वर्षं काम केलं ना त्यानं. १ जुलै २००४ ले पोचलं, १५ सप्टेंबर २०१७ ले शनीत घुसवलं. काहून नावं ठेवता बिचाऱ्याले.

सॅनहोजेकर
नावं नाही ठेवत भाऊ, माझं सगळ्यात आवडतं यान आहे ते.

पाषाणभेद
सगळे नासा आणि युरोप करताय, रशियाला विसरलात. एकच सांगाडा घासून घासून वापरण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. त्यांनी मंगळ आणि शुक्र दोघांसाठी एकच मालिका काढली, नावातच 'एमव्ही', मार्स-व्हेनेरा. त्यातलं तिसरं रूप थ्रीएमव्ही, आणि त्याच्याच धर्तीवरची शुक्राची यानं म्हणजे व्हेनेरा ४ ते ८.

व्हेनेरा ४ ने १९६७ मध्ये शुक्राच्या हवेत उतरून मोजमाप पाठवलं, पण जमिनीच्या बरंच वर असताना आवाज बंद. दाब सोसवला नाही. मग तीच कुपी थोडी जाड करून १९६९ मध्ये ५ आणि ६, तीही वाटेतच चेपली. मग ७ साठी उपकरणं जवळजवळ सगळी काढली आणि कुपी पृथ्वीवरच्या हवेच्या १८० पट दाबाला टिकेल अशी केली. १५ डिसेंबर १९७० ला ते खाली पोचलं, पण पॅराशूट फाटलं, आपटलं, आणि आडवं झालं असावं कारण सिग्नल एकदम क्षीण. लोकांना वाटलं संपलं. नंतर टेप पुन्हा तपासल्या तेव्हा खरखरीत लपलेली २३ मिनिटं सापडली, ४७५ अंशांच्या आसपास तापमान. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेले पहिले आकडे ते, आणि टेप कुणी परत ऐकलीच नसती तर?

सांगायचा मुद्दा, सांगाडा तोच ठेवल्यामुळे दर वेळी काय तुटलं तेवढंच बदलता आलं. दर वेळी नवीन यान असतं तर नवीन चुका झाल्या असत्या.

कोकणी_फणस
पाषाणभेद, त्यांची त्याआधीची किती पडली ते पण सांगा की. ६० च्या दशकात शुक्र-मंगळाला निघालेल्या त्यांच्या कितीतरी गाड्या पृथ्वीची कक्षासुद्धा सोडू शकल्या नाहीत.

पाषाणभेद
मान्य. पण त्यात रॉकेटच्या वरच्या टप्प्याचा वाटा मोठा. एसटी स्टँडमधून बाहेरच पडली नाही तर चॅसिसला दोष कसा देणार. नंतरच्या पिढीत तर त्यांनी कमाल केली, व्हेगा १ आणि २. व्हेनेराचाच सांगाडा, १९८५ मध्ये शुक्रावर लँडर आणि फुगे सोडले आणि रिकामी बस तशीच पुढे १९८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूजवळ. एका तिकिटात दोन गावं.

मधुरा_एन
सगळे कौतुकच करतायत म्हणून उलटी बाजू टाकते. मी शिकवताना दोन उदाहरणं नेहमी देते.

एक, युरोपच्या एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६. दिशा सांगणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर एरियन ४ मधून जसंच्या तसं उचललेलं. एरियन ५ चा आडवा वेग जास्त, तो आकडा १६ बिटांच्या खणात मावला नाही, साधारण ३७ सेकंदांत खेळ खलास. वर क्लस्टर नावाच्या मोहिमेचे चार उपग्रह होते. वाईट भाग हा की सॉफ्टवेअरचा तो तुकडा एरियन ५ ला उडाल्यावर लागतच नव्हता, एरियन ४ ची सवय म्हणून चालू राहिलेला.

दोन, मार्स ऑब्झर्व्हर. हे तर थेट या धाग्याचं. मरिनर मार्क टू जसं लांबच्या ग्रहांसाठी, तसं जवळच्या ग्रहांसाठी नासाने ठरवलं की पृथ्वीभोवतीच्या उपग्रहांचे बाजारातले सांगाडे आणि भाग घ्यायचे, स्वस्तात मालिका काढायची. पहिलंच यान मार्स ऑब्झर्व्हर, सप्टेंबर १९९२ मध्ये निघालं. २१ ऑगस्ट १९९३, मंगळाला पोचायला तीन दिवस बाकी. इंधनाच्या टाक्यांमध्ये दाब भरायचा होता, त्या धक्क्याने ट्रान्समीटरला इजा होऊ नये म्हणून तो काही मिनिटं बंद केला. परत कधी बोललंच नाही. चौकशी समितीने सगळ्यात शक्य कारण काढलं ते असं, की पृथ्वीभोवतीचा उपग्रह ही दाब भरण्याची क्रिया उडाल्यावर लगेच उरकतो, इथे ती ११ महिने लांबवली. तेवढ्या काळात ऑक्सिडायझरची (इंधन जाळायला लागणाऱ्या द्रवाची) वाफ चेक व्हॉल्व्हमधून, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेतून, थोडी थोडी झिरपून नळीत साचली, दाब सोडला तसं तिथे इंधन आलं, दोघांची गाठ पडली आणि नळी फुटली. मालिका पहिल्याच यानावर बंद.

व्हॉल्व्ह वाईट नव्हता. पृथ्वीभोवती तो कधी ११ महिने वाट बघत बसलाच नव्हता.

भोसरीकर
मॅडम, एनआरव्ही, म्हणजे तुमचा चेक व्हॉल्व्हच, वर्षभर बसला की पासिंग करणारच, गळणारच. आमच्या कॉम्प्रेसरचा दिवाळीच्या आठ दिवसांच्या सुट्टीत करतो.

चिंतोपंत
मधुराताईंच्या मुद्द्यावरून मंगळयान आठवलं, आणि हे खरं आपल्या घरचं उदाहरण. चांद्रयान-१ ची रचना कल्पना-१ या हवामान उपग्रहाच्या धर्तीवर, आणि मंगळयान हे आयआरएस आणि इन्सॅट या आपल्या उपग्रहमालिका आणि चांद्रयान यांच्या अनुभवलेल्या भागांचं मिश्रण. १५ ऑगस्ट २०१२ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं. सव्वा वर्ष! कोऱ्या कागदावरून हे होणं शक्य नाही. ४५० कोटी.

पण बघा, अडचण तीच होती, मार्स ऑब्झर्व्हरची. चांद्रयानाचं इंजिन थोड्या दिवसांत काम उरकतं, इथे ४४० न्यूटनचं मुख्य इंजिन पृथ्वी सोडल्यावर ३०० दिवस झोपणार आणि उठवलं की लगेच २४ मिनिटं जळायला हवं. इसरोने व्हॉल्व्ह आणि नळ्यांची एक समांतर जोडी घातली, पहिली वाट तुंबली किंवा गळली तर दुसरी. आणि पोचायच्या दोन दिवस आधी, २२ सप्टेंबर २०१४ ला, इंजिन फक्त ४ सेकंद पेटवून बघितलं. थंडीत सकाळी स्कूटरला एक किक मारून बघतो ना, तेवढंच. मी त्या दिवशी ऑफिसात मीटिंगमध्ये मोबाइल टेबलाखाली धरून बसलो होतो.

गण्या_सातारकर
पंत, अंगावर काटा. आणि त्या ४ सेकंदांचा निरोप इथं यायला पण दहाबारा मिनिटं.

नारायणगावकर
अवांतर: आमच्या खोडदच्या जीएमआरटीने, म्हणजे रेडिओ दुर्बिणीने, पण यात हात मारलाय. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल थेट मंगळावरून पकडला इथल्या डिशांनी. उतरायच्या थोडं आधी गेला. आपटलं ते. आमच्याकडे डिशजवळ गेलं की मोबाइल बंद करायला लावतात तेव्हा पाव्हणे वैतागतात, त्यांना मी हे सांगतो.

तिखट_शेव
धागा शनीवरून निघाला, दापोडी, भोसरी करत नारायणगावला पोचला. एसटीचाच रूट हा.

सॅनहोजेकर
कुणी रोव्हरचं काढलं नाही म्हणून. पर्सिव्हिअरन्स म्हणजे बऱ्याच अंशी क्युरिऑसिटीच, उतरवायची आकाशक्रेन तीच. पण क्युरिऑसिटीच्या पातळ ॲल्युमिनियमच्या चाकांना मंगळावरच्या टोकदार दगडांनी भोकं पाडली, फोटोत दिसतात, पत्रा फाटून वळलेला. म्हणून पर्सिव्हिअरन्सची चाकं जाड पत्र्याची, थोडी मोठी आणि अरुंद, कंगोरे २४ ऐवजी ४८ आणि जवळजवळ सरळ. पाषाणभेद म्हणतात तेच, काय तुटलं ते बदला. तरी खर्च काही अर्ध्यावर आला नाही, कारण आतली उपकरणं नवी आणि नमुने गोळा करण्याची यंत्रणा तर पूर्ण नवी. "तोच सांगाडा" ऐकलं की राजकारण्यांना वाटतं दुसरं फुकट.

कोकणी_फणस
माझं मत बदललं नाहीये. जिथे जायचं तिथली गरज बघून बनवलेलं यानच खरं. सांगाडा वाचवायच्या नादात विज्ञान मारलं जातं.

मधुरा_एन
फणस, मग तुमचं यान दहा वर्षांत एकदा उडेल. आणि ते एकच पडलं तर? नासा जुनी मरिनर यानं जोड्यांनी पाठवायची ते उगाच नाही. ८ आणि ९ सारखीच, ८ नंबर मे १९७१ मध्ये समुद्रात गेलं, तर त्याचं काम ९ वर चढवून तीन आठवड्यांत ते उडवलं आणि मंगळाभोवती फिरणारं पहिलं यान झालं. एकमेव नगाच्या बाबतीत हे जमत नाही.

कोकणी_फणस
जोडीने पाठवायला माझी ना नाही. पैसे तुम्ही द्या.

दुर्बीणवाला
काल रात्री भाचीला सांगितलं. एसटी, शिम, मान आखडलेलं कॅसिनी, व्हॉल्व्ह, सगळं. शिमेवर खूप हसली. आणि मग विचारते, "पण ते धूमकेतूवालं यान रद्द झालं ना, मग तो धूमकेतू कुणी बघितलाच नाही?" कॉफकडे कोणी गेलं नाही एवढं माहीत होतं, तेवढंच सांगितलं. तिचा चेहरा पडला.

चिंतोपंत
अहो, तिला अर्धंच सांगितलंत. कॉफ राहिला, पण धूमकेतूसोबत राहायचं काम युरोपने केलं. रोझेटा आधी अमेरिकेसोबतची, धूमकेतूचा तुकडा परत आणायची मोहीम होती. अमेरिकेने अंग काढून घेतल्यावर युरोपने तिला आपल्या ऐपतीत बसवलं, तुकडा आणायचा नाही, सोबत राहायचं, जे क्राफ करणार होतं तेच. मार्च २००४ मध्ये निघून ऑगस्ट २०१४ मध्ये ६७पी धूमकेतूला पोचलं. आणि रोझेटासाठी तयार केलेले भाग मार्स एक्सप्रेसने घेतले, मार्स एक्सप्रेसचा सांगाडा व्हीनस एक्सप्रेसने.

दुर्बीणवाला
हे मला कालच सांगायला काय झालं होतं पंत! आज परत ढग आहेत. शनिवारी सांगतो.

भोसरीकर
मृण्मयीताई, सगळं झालं पण चकलीच्या भाजणीचं प्रमाण राहिलं. घरातून विचारणा आहे.

मृण्मयी_द
४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ मूगडाळ, अर्धी उडीद डाळ, धणे-जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर. आणि मोहन किती ते आजी कधीच सांगायची नाही, हाताने बघायची.

भोसरीकर
शिम!